‘वॉक बिफोर यू रन’ कुणाला म्हणायचं, कुणाला नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. शाळा मराठी माध्यमाची. नुकतीच त्यांची बदली प्रॉडक्शन लाइनवरून परदेशी ग्राहकांशी व्यवहार करणाऱ्या टीममध्ये झाली. जर्मनीतल्या एका ग्राहकाला त्यांना कळवायचंय की आधी हाताने चालणारी लाइन नीट बसू द्या, रोबोट नंतर आणू. त्यासाठी ‘आधी पाया पक्का, मग पुढचं’ या अर्थाचे इंग्रजी वाक्प्रचार त्यांना हवे आहेत. ईमेलचा मसुदाही दिलाय: ‘वी विल फर्स्ट लर्न वॉकिंग बिफोर टू रन. युअर टीम इज पुटिंग कार्ट बिफोर हॉर्स.’ शिवाय विचारलंय की पाचशे वाक्प्रचारांचं एक पुस्तक आणलंय, ते पाठ केलं तर इंग्रजी सुधारेल का.

मराठी माध्यमातून आलेल्या नोकरदारांना इंग्रजी शिकवणं हेच माझं बरीच वर्षं काम आहे, आणि हा प्रश्न मला फार जवळचा वाटला. वाक्प्रचार सांगतोच. पण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, पुस्तक पाठ करून सुधारणार नाही. का, ते तुमच्याच दोन वाक्यांत दिसतं. त्यात वाक्प्रचार दोन्ही बरोबर निवडलेत. ‘वॉक’, ‘रन’, ‘कार्ट’, ‘हॉर्स’ हे शब्दही बरोबर आहेत. चुकलंय ते ‘टू’ आणि ‘द’ इथे. म्हणजे पुस्तकातलं अवघड जे वाटतं ते तुम्हाला आलं, आणि पाचवी-सहावीच्या धड्यातलं राहून गेलं. मला दिसणाऱ्या दहा मसुद्यांपैकी बहुतेकांत हेच असतं, त्यामुळे यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. पण दुरुस्ती कुठे करायची हे मात्र त्यावरून ठरतं.

आता वाक्प्रचार. सगळ्यात चालणारा म्हणजे तुम्ही निवडलेला: ‘यू हॅव टू वॉक बिफोर यू कॅन रन’. हा फार जुना आहे, फक्त जुन्या रूपात धावणं नव्हतं. जॉन हेवूड या इंग्रज लेखकाने 1546 मध्ये म्हणींचा जो संग्रह छापला, त्यात मुलं आधी रांगायला शिकतात आणि मग ‘गो’ करायला, असं आहे. तेव्हाच्या इंग्रजीत ‘गो’ म्हणजे पायी चालणं. पुढे रांगणं मागे पडलं आणि चालणं-धावणं ही जोडी रूढ झाली. ‘रोम वॉज नॉट बिल्ट इन अ डे’ हीसुद्धा त्याच संग्रहात आहे, पण तिचा अर्थ वेगळा. ती धीर धरायला सांगते, पायऱ्यांचा क्रम सांगत नाही. तुमच्या कामाची ती नाही.

‘वॉक-रन’ची तीन रूपं कानावर येतात आणि तिन्हींचा सूर वेगवेगळा आहे. ‘यू हॅव टू वॉक बिफोर यू कॅन रन’ हा उपदेश झाला. गुरू शिष्याला म्हणेल, आई मुलीला म्हणेल. ‘डोन्ट ट्राय टू रन बिफोर यू कॅन वॉक’ ही तर सरळ कानउघाडणी. समोरचा आगाऊपणा करतोय असा आरोप त्यात आहे. तिसरं रूप ‘लेट्स वॉक बिफोर वी रन’. इथे बोलणारा स्वतःला धरून बोलतो, म्हणून ते बरोबरीच्या माणसांत चालतं. ग्राहकाला लिहिताना पहिली दोन रूपं वापरू नका. तुमच्यापेक्षा वयाने आणि हुद्द्याने मोठ्या माणसाला ‘तुम्हाला अजून चालता येत नाही’ असं मराठीत आपण तोंडावर म्हणणार नाही. इंग्रजीत लिहिताना मात्र ते सहज लिहिलं जातं, कारण परक्या भाषेतला वाक्प्रचार कानाला बोचत नाही. त्याचा शब्दार्थ कळतो, पण तो ऐकणाऱ्याला कसा लागेल ते पटकन कळत नाही.

इथे ‘वी’बद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन वेगळे शब्द आहेत. ‘आम्ही आधी चालायला शिकू’ म्हटलं की समोरचा वगळला गेला, ‘आपण’ म्हटलं की तो आत आला. इंग्रजीत दोन्हींना एकच ‘वी’. तुमच्या मसुद्यातलं ‘वी विल फर्स्ट लर्न’ हे जर्मन ग्राहक ‘आम्ही’ असंच वाचेल, म्हणजे तुमच्या कारखान्याला अजून काम येत नाही अशी कबुली. तुम्हाला म्हणायचं होतं ‘आपण’. ‘लेट्स’ लावलं की ‘आपण’ आपोआप येतं, म्हणून ते इथे उपयोगी आहे.

तुमच्या कामाला सर्वांत नेमका बसणारा वाक्प्रचार मात्र याच घराण्यातला आणखी एक आहे: ‘क्रॉल, वॉक, रन’. अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षणात ही पद्धत याच नावाने चालते. ‘क्रॉल’ टप्प्यात प्रत्येक कृती समजावून, हळू, सुटी सुटी करायची. ‘वॉक’मध्ये तीच कृती सलग, वेग वाढवत. ‘रन’मध्ये खऱ्या परिस्थितीत, पूर्ण वेगाने. तिथून हा शब्दप्रयोग प्रकल्प चालवणाऱ्यांच्या भाषेत आला आणि आता ‘अ क्रॉल-वॉक-रन अप्रोच’ असा कामाच्या पद्धतीचं नाव म्हणूनच वापरतात. त्याचा मोठा फायदा म्हणजे त्यात ‘यू’ नाही. कुणाला काही येत नाही असं त्यातून निघत नाही, फक्त टप्पे सांगितले जातात. तुम्ही असं लिहू शकता: ‘वी वुड लाइक टू टेक अ क्रॉल-वॉक-रन अप्रोच: गेट द मॅन्युअल लाइन स्टेबल फर्स्ट, देन ॲड द रोबोट्स.’

घोडा आणि गाडी हा वेगळा विषय आहे. ‘पुट द कार्ट बिफोर द हॉर्स’ याचा कौशल्याशी संबंध नाही, क्रमाशी आहे. मालाची मोजणी कशी करायची हे न ठरवता आधी सॉफ्टवेअर विकत घेतलं, तर ते गाडीमागे घोडा जुंपणं झालं. कुणाला घोडा हाकता येत नाही असं त्यात म्हटलेलं नाही. ज्याला आपण पायाआधी कळस चढवणं म्हणतो, ते हे. तुमच्या प्रकरणात तो अर्थाने बसतोही, कारण रोबोटचा क्रम आधी लागतोय. पण ‘युअर टीम इज पुटिंग’ म्हणजे थेट बोट दाखवणं झालं. म्हणायचंच असेल तर ‘वी मे बी पुटिंग द कार्ट बिफोर द हॉर्स’ म्हणा. ‘मे’ने धार कमी होते, ‘वी’ने दोष वाटला जातो.

जर्मन माणसाला हा कळेल का? बहुधा कळेल. त्यांच्या भाषेतही घोडाच आहे, फक्त ते म्हणतात की घोड्याला लगाम मागून घालतोय. पण सगळ्याच वाक्प्रचारांचं असं नशीब नसतं. तुमच्या ईमेलच्या दोन्ही टोकांना इंग्रजी शिकून आलेली माणसं आहेत, मातृभाषा म्हणून नव्हे. अशा ठिकाणी ‘लर्न द रोप्स’ लिहिलं आणि समोरच्याला दोरखंड दिसले तर बैठकीची दहा मिनिटं त्यातच जातात. तुमच्या विशिष्ट ईमेलसाठी माझं स्पष्ट मत असं की वाक्प्रचार वगळा आणि लिहा: ‘वी सजेस्ट स्टॅबिलायझिंग द मॅन्युअल लाइन बिफोर ॲडिंग द रोबोट्स.’ साधं वाक्य आहे. पण ते बिनचूक लिहायला ‘सजेस्ट’नंतर आणि ‘बिफोर’नंतर ‘-इंग’ लागतं हे हातात बसलेलं हवं. आपल्याकडे सर्रास ‘सजेस्ट यू टू’ लिहिलं जातं. हे साधं वाक्य ज्याला न अडखळता लिहिता येतं, त्याला मी वाक्प्रचाराच्या पुस्तकाकडे खुशाल जाऊ देईन.

बाकीचे वाक्प्रचार तुम्हाला वाचताना, ऐकताना भेटणार आहेत, म्हणून ते ओळखता यायला हवेत.

‘लर्न द रोप्स’ हा शिडाच्या जहाजांवरचा. मोठ्या तीन डोलकाठ्यांच्या जहाजावर शंभराहून अधिक दोर असत. प्रत्येकाला नाव, प्रत्येकाची बांधायची जागा ठरलेली, आणि वादळात रात्री अंधारात नेमका तोच हाताला लागला पाहिजे. नव्या खलाशाचं पहिलं काम हे दोर ओळखणं. आज नव्या नोकरीत कामाच्या साध्यासुध्या पद्धती समजून घेणं या अर्थाने तो सर्रास वापरतात. दुसऱ्याला शिकवताना ‘शो समवन द रोप्स’ आणि मुरलेल्या माणसाबद्दल ‘शी नोज द रोप्स’. कचेरीत हा निर्धास्त वापरा, त्यात कुणाचा कमीपणा नाही. नवा माणूस स्वतःबद्दलही ‘आय ॲम स्टिल लर्निंग द रोप्स’ म्हणतो आणि ते ऐकायला चांगलं वाटतं.

‘कट युअर टीथ ऑन समथिंग’ म्हणजे एखाद्या कामावर सुरुवातीचा अनुभव मिळवणं. तान्ह्या बाळाला दात फुटतात त्यावरून. दात तोडण्या-कापण्याशी संबंध नाही, हे सांगावं लागतं कारण ‘कट’ पाहून बरेच जण तिकडे जातात. दात हिरडी कापून वर येतो, तो हा ‘कट’. सचिन तेंडुलकरांबद्दल बोलताना ‘ही कट हिज टीथ ॲट शिवाजी पार्क’ हे अगदी योग्य वाक्य आहे. जागा असेल तर ‘ॲट’ किंवा ‘इन’, काम असेल तर ‘ऑन’. तुम्ही स्वतःबद्दल म्हणाल: ‘आय कट माय टीथ ऑन द असेंब्ली लाइन.’ मुलाखतीत हे वाक्य शोभून दिसतं. ‘कट’चं भूतकाळी रूपही ‘कट’च राहतं, तेवढं लक्षात असू द्या.

‘फाइंड युअर फीट’ म्हणजे नव्या जागी रुळणं. ‘गेट अ ग्राउंडिंग इन’ म्हणजे एखाद्या विषयाचा पाया मिळवणं, आणि लेखी, औपचारिक इंग्रजीत हा सर्वांत सुरक्षित. ‘द नट्स अँड बोल्ट्स’ म्हणजे विषयाचे प्रत्यक्ष कामाचे तपशील. कारखान्यात मात्र जपून, तिथे खरेच नट-बोल्ट असतात आणि घोटाळा होतो. ‘ब्लॉकिंग अँड टॅकलिंग’ हा अमेरिकेच्या फुटबॉलमधला, मूलभूत कामं चोख करणं या अर्थाचा. अमेरिकी व्यवस्थापकांच्या तोंडी असतो, बाकीच्या जगाला फारसा कळत नाही. ‘द थ्री आर्स’ म्हणजे वाचन, लेखन आणि हिशोब. बायबलमधून आलेला ‘मिल्क बिफोर मीट’ही आहे. संत पॉल करिंथच्या लोकांना सांगतो की तुम्हाला दूध दिलं, जड अन्न दिलं नाही. तो आता मुख्यतः धार्मिक बोलण्यात उरलाय, तुम्ही वापरू नका.

‘बॅक टू बेसिक्स’ निरुपद्रवी दिसतो आणि सहसा असतोही. क्रिकेटपटू फॉर्म गेल्यावर हेच म्हणतात. ब्रिटनमध्ये मात्र त्याला एक राजकीय वास आहे. पंतप्रधान जॉन मेजर यांनी 1993 च्या पक्षाच्या अधिवेशनात हीच घोषणा दिली, मग त्यांच्याच पक्षाच्या खासदारांची प्रकरणं बाहेर येऊ लागली आणि वर्तमानपत्रांनी ती घोषणा त्यांच्यावरच उलटवली. वयस्कर ब्रिटिश माणसाला ते आठवतं. शब्द तुम्हाला कळला तरी त्याचा इतिहास समोरच्याला माहीत असतो आणि तुम्हाला नसतो. म्हणून मी परक्या भाषेतल्या वाक्प्रचारांबाबत सावध राहायला सांगतो.

आता उलट बाजूचाही एक वाक्प्रचार इंग्रजीत जोरात आहे. ‘थ्रो समवन इन ॲट द डीप एंड’, म्हणजे पोहण्याच्या तलावात एकदम खोल बाजूला ढकलणं. पायऱ्या वगैरे काही नाही, पडलात की शिका. बऱ्याच कंपन्या नव्या माणसाला असंच शिकवतात आणि अभिमानाने सांगतात. मला ते पटत नाही. आपल्या गावांत विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधत. पोराला खोल पाण्यातच टाकत, पण तरंगण्याची सोय करून. इंग्रजी शिकतानाही खोल पाण्यात उतरावंच लागतं. तुम्हाला ग्राहकाला ईमेल लिहायचीच आहे, पाया पक्का होईपर्यंत जर्मनी थांबणार नाही. पण सोबत डबा हवा, आणि तो डबा म्हणजे वीसपंचवीस साधे वाक्यसाचे जे कधीच चुकत नाहीत.

आणि इथे मूळ मुद्द्याकडे येतो. इंग्रजीतले हे सगळे वाक्प्रचार पुन्हा पाहा. चालणं, धावणं, दोर, दात, पाय, घोडा, गाडी, दूध. एकही शब्द तुम्हाला नवा नाही. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक होते, त्यांनी बरीच वर्षं ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षणाचं काम केलं. इंग्रजी शिकणाऱ्याला सर्वाधिक उपयोगी पडणाऱ्या सुमारे 2000 शब्दांची त्यांची यादी 1953 मध्ये छापली गेली. वरच्या वाक्प्रचारांतले बहुतेक शब्द अशा यादीतले, म्हणजे शाळेत पहिल्या काही वर्षांत येणारे. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, त्याआधी पाचवीपासून होतं. कोणत्याही पिढीतले असा, ‘रोप’ आणि ‘टीथ’ तुम्हाला येतात. मग अडतं कुठे?

अडतं ते छोट्या शब्दांत. माझे विद्यार्थी ‘लर्न रोप्स’ लिहितात, ‘कट टीथ इन सेल्स’ लिहितात, ‘पुटिंग कार्ट बिफोर हॉर्स’ लिहितात. याची कारणं आपल्या भाषेत आहेत आणि ती समजली की सुधारणा लवकर होते. मराठीत ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांचं काम करणारा शब्दच नाही. ‘घोडा आला’ म्हटलं की कोणता घोडा ते संदर्भावरून कळतं. इंग्रजीला दर वेळी सांगावं लागतं. दुसरं, शरीराच्या अवयवांचं. आपण ‘हात धुतले’, ‘दात घासले’ म्हणतो. माझे दात, असं कोण म्हणतं? इंग्रजीत ‘आय वॉश्ड माय हँड्स’, ‘आय ब्रश्ड माय टीथ’ म्हणावंच लागतं. ज्याला रोजच्या दात घासण्यातला ‘माय’ जिभेवर बसलाय, त्याला ‘कट माय टीथ’ वेगळं शिकवावं लागत नाही. त्याच्या तोंडून ते आपोआप बरोबर येतं. उलट ज्याचा ‘माय’ पक्का नाही, त्याला वाक्प्रचार शंभर वेळा पाठ करायला लावला तरी ऐन वेळी ‘माय’ गळतो, किंवा ‘शी कट युअर टीथ’ असं भलतंच होतं, कारण पुस्तकात ‘युअर’ छापलेलं असतं आणि ते बदलायचं असतं हे लक्षात राहत नाही.

तुमचं ‘बिफोर टू रन’ही असंच. मराठीत ‘धावण्याआधी’ हा एकच शब्द आहे, त्यात कर्ता नाही, काळ नाही. इंग्रजीत ‘बिफोर’नंतर एकतर ‘-इंग’ हवं, ‘बिफोर रनिंग’, नाहीतर पूर्ण वाक्य हवं, ‘बिफोर वी रन’. आणि पूर्ण वाक्य घेतलं तर गोष्ट भविष्यातली असूनही ‘विल’ येत नाही. ‘बिफोर वी विल रन’ चूक. हा एकच नियम पक्का केलात तर चालण्या-धावण्याचा वाक्प्रचारही सुटेल आणि तुमच्या रोजच्या ईमेलमधलं ‘बिफोर वी शिप’, ‘बिफोर सेंडिंग द ड्रॉइंग’ हेही. वाक्प्रचार महिन्यातून एकदा लागेल, ही वाक्यं दिवसातून अनेकदा.

उच्चाराचंही बोलतो, कारण ‘वॉक’ आणि ‘वर्क’ यांची आपल्याकडे गल्लत होते. ‘वॉक’मधला ‘एल’ मुका आहे, ‘टॉक’ आणि ‘चॉक’मधल्यासारखा. तो उच्चारू नका, आणि त्या जागी ‘र’ही येऊ देऊ नका. फोनवर ‘लेट्स वर्क बिफोर वी रन’ ऐकलेला माणूस गप्प बसतो, विचारत नाही.

पाया म्हणजे व्याकरणाचं पुस्तक, असा मात्र अर्थ घेऊ नका. हा गैरसमज मला सर्वांत जास्त खटकतो. कर्ता, कर्म, क्रियापद, काळांचे बारा तक्ते, हे सगळं तोंडपाठ असलेली आणि तरीही एक ईमेल न लिहिता येणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. इंग्रज मूल नियम शिकून बोलत नाही. ते ‘कॅन आय हॅव’, ‘आय डोन्ट वॉन्ट’, ‘व्हेअर्स माय’ असे अख्खे तुकडे उचलतं आणि त्यात शब्द बदलत राहतं. नियम त्याला त्या तुकड्यांमधून समजतात. मोठ्या माणसाने नियम वाचायला हरकत नाही, त्याला कारण कळलं की बरं वाटतं. पण रोज वापरायच्या तुकड्यांवर हात बसणं हाच पाया. ‘कुड यू प्लीज सेंड’, ‘वी हॅव नॉट यट रिसीव्ह्ड’, ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स’. या शेवटच्यावर थोडं थांबा. ‘दोन वर्षांपासून काम करतोय’ याचं आपण ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’ करतो, कारण ‘-पासून’ हा आपला प्रत्यय ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ या दोघांचंही काम करतो, आणि आपल्याकडे अशा ठिकाणी साधा चालू वर्तमानकाळ पुरतो. कालावधी असेल तर ‘फॉर टू इयर्स’, सुरुवातीची तारीख असेल तर ‘सिन्स 2022’. मुलाखतीत पहिल्या दोन मिनिटांत हे वाक्य येतंच. तिथे ते चुकलं आणि पुढे ‘कट माय टीथ’ अगदी सुंदर आलं, तरी ऐकणाऱ्याच्या लक्षात ‘सिन्स’ राहतं.

पुस्तकाचं काय करायचं? ठेवा. पण पहिल्या पानापासून पाठ करायला बसू नका. ते शोधायला वापरा. कुठे वाचताना ‘फाइंड हर फीट’ दिसलं तर पुस्तकात पाहा, आणि जिथे दिसलं ते अख्खं वाक्य वहीत उतरवून घ्या. शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश जवळ असू द्या, मोठ्या पंडिती कोशापेक्षा तो बरा, कारण त्यात ‘समवन’, ‘समथिंग’ कुठे येतं, शब्द बोलीतला आहे की औपचारिक, हे सांगितलेलं असतं. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवताना तयार केलेला असा पहिला मोठा कोश 1942 मध्ये टोकियोत निघाला आणि पुढे ऑक्सफर्डने तो जगभर नेला. शिकणाऱ्याला शब्दाच्या अर्थापेक्षा शब्दाचा साचा जास्त अडवतो हे त्यांना वर्गात दिसलं होतं, म्हणून त्यांनी क्रियापदांचे साचे कोशातच दिले. आजच्या आवृत्त्या मोबाइलवर फुकट पाहता येतात.

आणि एक वाक्प्रचार निवडून त्याच्यावर काम करा. मी सुरुवात ‘रोप्स’ने करून देतो. ‘शी इज स्टिल लर्निंग द रोप्स’, हा चालू काळ. ‘इट टुक मी टू मंथ्स टू लर्न द रोप्स’, इथे ‘इट टुक’. ‘आय हॅव नॉट लर्न्ड द रोप्स यट’, इथे ‘हॅव’ आणि ‘यट’. ‘व्हेन डिड दे शो यू द रोप्स?’ इथे ‘डिड’ आल्यामुळे ‘शो’ मूळ रूपात. आणि ‘हू शोड यू द रोप्स?’ इथे ‘हू’ स्वतःच कर्ता, म्हणून ‘डिड’ येत नाही आणि ‘शोड’ राहतं. शेवटची दोन शेजारी शेजारी लिहून पाहा. तिथे जवळजवळ सगळे अडतात, चांगले पदवीधरसुद्धा. ही पाच वाक्यं मोठ्याने म्हणा, मग ‘रोप्स’ काढून त्यात तुमच्या कामातली क्रियापदं घाला: ‘व्हेन डिड दे सेंड यू द ड्रॉइंग?’, ‘हू सेंट यू द ड्रॉइंग?’ ही न थांबता यायला लागली की ‘कट माय टीथ’ घ्या, आणि त्याचंही असंच करा.